देरूताहून, मंद्याला

प्रिय मंद्या,

व्हॉट्सअ‍ॅपवर एवढे फोटो टाकले तर तू नुसता अंगठा दाखवून मोकळा झालास, म्हणून आता हे अख्खं वाच.

पेरुजाहून बसने देरूताला गेलो होतो. उंब्रियातलं टेकडीवरचं छोटं गाव, खाली टायबरचं खोरं, आणि गावाचं पोट मायोलिकावर, म्हणजे पांढऱ्या झिलईवर रंगवलेल्या मातीच्या भांड्यांवर. हिने तिसऱ्याच दुकानात बॅगेचं वजन विसरून एक ताट घेतलं, ते मी अजून मांडीवर घेऊन फिरतोय. जुन्या मठात 1898 सालचं म्युझियम आहे, तिथली सोळाव्या शतकातली सोनेरी झाक असलेली ताटं बघ कधीतरी, त्यात सोनं नाहीच, चांदी-तांब्याचे क्षार लावून तिसऱ्यांदा भट्टीत घालायचं आणि धूर कोंडायचा!

एका कारखान्यात आजीबाईंनी मला रंगवायला बसवलं. कागदावर सुईने भोकं पाडलेली नक्षी, त्यावर कोळशाच्या पुडीची पोटली आपटायची, अगदी आपल्या रांगोळीच्या छाप्यासारखं, म्हटलं हे जमणार. पण खाली कथलाची कच्ची झिलई असते, कोरड्या चुन्यासारखी, ब्रश टेकला की पाणी पिऊन टाकते, खोडायची सोयच नाही. माझ्या पानाचा झाला बेडूक. आजी हसल्या आणि त्याला दोन डोळे काढून दिले.

पण खरं सांगायचंय ते कासालिनाजवळच्या चर्चचं. 1657 साली म्हणे एका फेरीवाल्याने मेरीचं चित्र असलेला फुटक्या कपाचा तुकडा ओकच्या झाडाला लावून आजारी बायकोसाठी साकडं घातलं, घरी जातो तर बायको ठणठणीत. मग त्याने नवस फेडायला फरशी रंगवून घेतली, आणि बघता बघता भिंती भरल्या, 600च्या वर फरशा आहेत. कुणी झाडावरून पडतोय, कुणी बैलगाडीखाली आलाय, अलीकडच्यांत चक्क मोटारींचे अपघात, आणि कोपऱ्यात ढगात झाडावर बसलेली मेरी. खाली पी. जी. आर. अशी अक्षरं, म्हणजे कृपा झाली म्हणून. माणसं वेडीवाकडीच काढलीत, म्युझियममधल्या सुंदऱ्यांची सर नाही, पण मला त्याच जास्त आवडल्या बाबा. पलंगावरची बाई, शेजारी हात जोडलेला नवरा, बास, एवढंच, आणि मी दहा मिनिटं तिथेच उभा. 1980 मध्ये यातल्या कितीतरी चोरीला गेल्या होत्या, देवाची उपकाराची पावती चोरून काय मिळतं कळत नाही.

एका फरशीवर पोरगं झाडावरून उलटं खाली येतंय, पाय वर, शिडी तिरकी. मला डायरेक्ट तू आठवलास, सातवीच्या सुट्टीत तुमच्या परसातल्या आंब्यावरून पडलास तेव्हाचा. काकू तेव्हा गणपतीला काहीतरी बोलल्या होत्या ना? काय बोलल्या होत्या आणि फेडलं का, ते विचारून कळव. आजींचा पत्ता घेऊन ठेवलाय.

तुझा,
बाळ्या