पावसाळी उजेडातले कोल्हापूरही छापावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृगाच्या सरी सुरू झाल्या की आपल्याकडील बहुतेक हौशी छायाचित्रकारांचे कॅमेरे कपाटात जातात आणि ते गणपतीलाच बाहेर निघतात. माझ्या मते वर्षातला सर्वांत चांगला उजेड हे लोक घरात बसून वाया घालवतात. भरून आलेले आभाळ उजेड गाळून चहूकडे सारखा पसरवते. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराच्या बाहेरील गजपट्टाचे छायाचित्र मे महिन्यातील दुपारी घेतले, तर अर्धे हत्ती पांढरेफटक आणि अर्धे काळेठिक्कर येतात. झाकोळलेल्या दिवशी मात्र भर बारा वाजतासुद्धा त्याच दगडातील रेषा न् रेषा उमटते आणि भिजल्यामुळे दगडाचा रंगही गडद होतो.

पाऊस डोळ्यांना दिसतो, पण छायाचित्रात येत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्याचे कारण बहुधा मागचे उजळ आभाळ असते. पाठीमागे गर्द झाडी किंवा पन्हाळ्याची तटबंदी असेल आणि उजेड समोरून अथवा बाजूने येत असेल, तर सरी स्पष्ट दिसतात. शटरचा वेग १/५०० सेकंद ठेवल्यास थेंब जागीच थांबतात, १/३० ठेवल्यास त्यांच्या रेघा होतात. पन्हाळ्यावरचे दाट धुके कॅमेरा हमखास करडे करतो, म्हणून एक्स्पोजर एखाद्या स्टॉपने वाढवावे, म्हणजे कॅमेऱ्यात दुप्पट उजेड घ्यावा लागतो. ओल्या पानांवरची चकाकी पोलरायझर फिल्टरने कमी होते आणि खरा हिरवा रंग वर येतो. अर्थात त्यात थोडा उजेड खर्ची पडतो. घरी आल्यावर ओलसर कॅमेरा तसाच बॅगेत बंद केला, तर भिंगाला बुरशी धरते, एवढे पथ्य मात्र पाळावे.

या दिवसांत वृत्तपत्रांतून आपल्याला काय दिसते? पाण्याखाली गेलेला राजाराम बंधारा, राधानगरीचे उघडलेले स्वयंचलित दरवाजे आणि राऊतवाडीच्या धबधब्यावरची झुंबड. पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघाली की ती बातमी पहिल्या पानावर हवीच. ज्यांच्या घरांत २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी शिरले, त्यांच्यापुढे पावसाच्या हौसेचे कौतुक करण्याचा माझा हेतू नाही. परंतु पुराखेरीजही येथे पावसाळा असतो. आषाढात पंचगंगेचे नवे पाणी घेऊन पी-ढबाक या पारंपरिक वाद्यांच्या तालावर त्र्यंबोलीच्या टेकडीकडे निघालेल्या स्त्रिया, गगनबावड्याकडील रोपलावणीत इरली पांघरून वाकलेल्या बाया, रंकाळ्याच्या पाण्यात उभा असलेला संध्यामठ, ही सारी दृश्ये कोणताही धोका न पत्करता, छत्रीखाली उभे राहून साध्या मोबाइलनेही टिपता येतात. ज्या शहरात आबालाल रहिमान यांच्यासारख्या चित्रकाराने निसर्गचित्रे रंगवली, तेथे एवढी अपेक्षा फार नसावी.

म्हणून विनंती अशी, की पावसाळा संपेपर्यंत आठवड्यातून एकदा वाचकांनी टिपलेल्या पावसाळी छायाचित्रांसाठी आपण थोडी जागा राखावी आणि त्याखाली गावाचे नाव व तारीख अवश्य छापावी. धबधब्याच्या काठावर किंवा पाणी आलेल्या पुलावर उभे राहून घेतलेले छायाचित्र मात्र कितीही चांगले असले, तरी नाकारावे.

आपला,
एक नियमित वाचक,
कोल्हापूर