प्रभुभोजनाआधी उठून गेलेल्या लेकीस

चि. रूथ हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी उपासनेत प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घेण्याची वेळ होताच तू बाकावरून उठून बाहेर गेलीस आणि घरी आल्यावर ‘माझी ती लायकी नाही’ एवढेच बोललीस. तू निघेपर्यंत हा विषय काढायचा नाही, असे तुझ्या आईने मला बजावले होते. पण आता लिहिल्यावाचून राहवत नाही.

तू बायबलमधील करिंथकरांस पहिल्या पत्रातील 11व्या अध्यायाचा आधार दिलास, की अयोग्य प्रकारे खाणारा-पिणारा दोषी ठरतो. तोच अध्याय 20व्या वचनापासून वाच. त्या मंडळीत काहीजण आधीच जेवून-पिऊन झिंगत होते आणि गरिबांवर उपाशी राहण्याची पाळी येत होती. पत्र लिहिणाऱ्या पौलाचा राग त्या बेमुर्वतपणावर आहे, स्वतःच्या चुकीने रडणाऱ्या माणसावर नाही. लूकच्या शुभवर्तमानात तर भाकर आणि प्याला दिल्यानंतर प्रभू येशू म्हणतो की, मला धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर मेजावर आहे; आणि शिष्य पेत्रही तिथेच होता, जो त्याच रात्री त्याला तीनदा नाकारणार होता. हे ठाऊक असूनही प्याला त्यांच्यापुढे गेला. लायकी पाहून दिले असते तर ती मजुरी झाली असती, कृपा नव्हे.

माफ कर, मी उपदेशच करू लागलो. तुला सलणारे धाकट्या भावाशी झालेले भांडण तसेच राहू दे, असे मी म्हणत नाही. कृपा वाढावी म्हणून पापात राहावे काय, असे विचारून पौलानेच ते साफ नाकारले आहे. धाकट्याला फोन कर. पण तो फोन होईपर्यंत प्रभूच्या मेजापासून दूर राहू नकोस, कारण समेटाचे बळही मला तिथूनच मिळत आले आहे.

आजीचे शेवटचे वर्ष आठव. तिला प्रभूची प्रार्थनाही आठवत नसे, हात कापत. पाळकसाहेब प्याला घरी आणत आणि थेंब सांडू नये म्हणून तू तिच्या हनुवटीखाली रुमाल धरून बसायचीस, शाळकरी असूनही इतकी गंभीर, की त्यांनी मला बाजूला घेऊन तुझे कौतुक केले होते. तेव्हा आजीची लायकी कोणी विचारली होती का? देवाला देण्याजोगे तिच्यापाशी काय उरले होते?

तू पहिल्यापासून हिशोबाला चोख, आणि त्याचा मला अभिमान आहे. देवाशीही तसाच हिशोब मांडत बसशील, याचीच भीती वाटते.

तिथल्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते, अशी चौकशी आईने करून ठेवली आहे. जाशील ना? नाही गेलीस तरी मी विचारणार नाही. बहुधा विचारीनच.

तुझे,
पप्पा