कोनफ्लॉवर तहानेनं नाही, पाण्यानं मेलं

संपादक साहेब, नमस्कार.

मागं तुमच्या रविवारच्या पुरवणीत कोनफ्लॉवर (एकिनेशिया म्हणतात ते फुलझाड) लावा म्हणून लेख आला होता, फोटो लई छान, पण त्यात "रोज पाणी द्यावे" असं एक वाक्य आहे, त्याच्यासाठीच हे पत्र लिहायलेय. आमच्या लातूरच्या काळ्या मातीत ते वाक्य पाळलं की झाड गेलंच समजा. माझी तीन गेली.

नर्सरीतून रोपं आणली, अंगणात खड्डे घेतले, शेणखत दोन मुठी जास्तच टाकलं आणि म्हणलं बाहेरदेशचं झाड आहे, आपलं ऊन त्याला कुठं सोसणार, म्हणून सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी. आमच्याकडं नळ रोज येत नाही, आला की आधी सगळ्या कुंड्या भरून टाकायच्या ही सगळ्या गल्लीचीच सवय. त्यात २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे गाव, इथं पाणी जास्त झालं म्हणून झाड मेलं असं सांगितलं तर माणसं हसायलीत. पण झालं तसंच. पानं मलूल दिसली की मी अजून ओतायची, शेवटी उपटून बघितलं तर बुडाशी काळं पडून नासलेलं, वास मारायलेला. आमच्या ह्यांनी बघताक्षणी सांगितलं, मूळकूज.

मूळचं हे उत्तर अमेरिकेतल्या गवताळ माळावरचं झाड, एकदा मुळ्या धरल्या की पाण्याची ओढ सहज सोसतं, सोसत नाही ते साचलेलं पाणी. आणि आपली काळी एकदा भिजली की किती दिवस सोडत नाही हे शेतकऱ्याच्या घरात वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या खेपेला वीतभर उंच गादीवाफा केला, निम्मी काळी, निम्म्यात मुरूम आणि जाड वाळू, कुजलेलं शेणखत थोडंच, कारण खत जास्त झालं की नुसतं उंच वाढून लोळतं. नर्सरीच्या रोपाला कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या भुश्शाचा, गोळा असतो तो पाणी धरून बसतो, तो हातानं मोकळा करून मग लावलं. पाणी द्यायच्या आधी मातीत बोट घालायचं, दोन पेरं कोरडं लागलं तरच द्यायचं, तेही बुडाशी, पानावर नाही. मे महिन्यात दुपारी पानं मान टाकतात, तेव्हा तांब्या घेऊन पळायचं नाही (मला अजून राहवत नाही ते वेगळं), संध्याकाळी आपोआप उठतात. दिवसभर ऊन हवं असं लेखात आहे, ते थंड मुलखात ठीक, इथं दुपारनंतर शेवग्याची सावली पडते तिथलीच झाडं टिकलीत.

बियांपासून करायचं तर ओल्या वाळूत घालून महिनाभर फ्रीजमध्ये ठेवलं की उगवण चांगली होते, दह्याच्या पातेल्याशेजारी तो डबा बघून घरात बोलणी खावी लागतात तेवढी खायची. बहुतेक करून फुलं दुसऱ्या वर्षी येतात. वाळलेले बोंडं सगळे छाटू नका, चिमण्या बिया टिपायला येतात.

अजून एक. शेजारच्या काकू विचारायल्या होत्या, ह्याचा काढा सर्दीला चालतो का, गोळ्या मिळतात म्हणे. मिळतात, पण गुण येतो का यावर अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत, आणि हे झाड आपल्या करडई, सूर्यफुलाच्या भावकीतलं तसंच गाजर गवताच्याही, म्हणून गाजर गवतानं ज्यांचं अंग खाजतं त्यांनी तर तोंडात घालूच नये.

तेवढी निचऱ्याची दोन वाक्यं पुढच्या पुरवणीत छापा, बाकी पत्र कापलं तरी चालेल. आणि तेही पावसाळ्याच्या आधी.

आपली एक वाचक,
लातूर