गेज किटमधील न जुळणारे सेन्डर आणि चुकीची जोडणी पुस्तिका: तक्रार पत्र

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय: ट्रकच्या पाच गेजच्या किटमध्ये एकमेकांशी न जुळणारे भाग आल्याबद्दल व पुस्तिकेतील चुकांबद्दल

संदर्भ: आमची पहिली तक्रार व तिला आलेले आपले उत्तर

महोदय,

ऑइल प्रेशर, कूलंट तापमान, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तापमान, बूस्ट (टर्बोने इंजिनात दाबलेल्या हवेचा दाब) आणि एक्झॉस्ट गॅसचे तापमान दाखवणारे आपले किट २४ व्होल्टच्या ट्रकवर बसवले. रीडिंग चुकीचे येते अशी तक्रार केल्यावर "दोष जोडणीतला आहे, वॉरंटी लागू नाही" असे एका ओळीचे उत्तर आले. हे उत्तर आम्हाला मान्य नाही. प्रत्येक भाग सुटा करून मोजला आहे आणि दोष कुठे आहे ते खाली लिहिले आहे. मल्टिमीटर आणि टेस्ट गेज घेऊन आपल्या माणसाला हे सगळे आपल्याच टेबलावर पडताळून पाहता येईल.

पहिला आणि सर्वांत गंभीर मुद्दा ऑइल प्रेशरचा. गेजच्या मागच्या बाजूला २४०–३३ ओम छापले आहे. म्हणजे दाब शून्य असताना सेन्डरने (इंजिनावर बसणाऱ्या, दाब किंवा तापमानाप्रमाणे रोध बदलणाऱ्या सेन्सरने) २४० ओम दाखवायला हवेत आणि दाब वाढेल तसा रोध उतरत ३३ वर यायला हवा. किटमधला सेन्डर मात्र १०–१८० ओमचा, १० बारचा आहे. त्याचा रोध दाबाबरोबर वाढतो. इंजिन बंद असताना सेन्डरची वायर काढून मोजली, तर १० ओम येतात. सोबत यांत्रिक टेस्ट गेज लावून ४ बारला मोजले, तर ८५ च्या आसपास. गेज वेगळे तपासायला सेन्डरच्या जागी २४० ओमचा रेझिस्टर लावला, काटा शून्यावर. ३३ ओमचा लावला, काटा शेवटच्या खुणेवर. म्हणजे गेज चांगले, सेन्डरही चांगला, फक्त हे दोन्ही एका पेटीत यायला नको होते.

ही चूक लवकर लक्षात का येत नाही, तेही सांगतो. दोन्ही जातींच्या सेन्डरची दाब-रोधाची कोष्टके साधारण ४ बारच्या आसपास एकमेकांना छेदतात. इंजिन गरम होऊन गाडी रस्त्याला लागली की काटा अर्ध्याच्या थोडा पुढे, अगदी जिथे असायला हवा तिथेच, दिसतो. आयडलला दाब उतरतो तेव्हा काटा उलट वर चढतो. पण ऑइल प्रेशर जास्त दिसते म्हणून कोण तक्रार करतो? आता पंप गेला किंवा ऑइल संपले असे धरा. सेन्डर १० ओमवर येईल आणि काटा उजव्या टोकाला जाऊन टेकेल. बेअरिंग जळत असतील आणि ड्रायव्हरसमोर भरपूर दाब दिसत असेल. याची खात्री करायला इंजिनला हातही लावावा लागत नाही: इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवा, काटा लगेच शेवटाला जातो. आपल्या मदत केंद्राने "वायरमध्ये एक रेझिस्टर टाका, रीडिंग जुळेल" असा सल्ला दिला. सिरीजमध्ये रेझिस्टर टाकल्याने आकडा सरकतो, काट्याची दिशा बदलत नाही. हा सल्ला देणाऱ्याने कोष्टक पाहिलेले नाही.

आट्यांचेही तेच. पितळी टी-अडॅप्टरचे आटे १/८ एनपीटी (अमेरिकी पाइप-आटे) आहेत, सेन्डरचे १/८ बीएसपी (ब्रिटिश पाइप-आटे). एनपीटीला इंचात २७ आटे आणि कोन ६० अंश. बीएसपीला २८ आटे आणि कोन ५५ अंश. बाहेरचा व्यास एकाचा सुमारे १०.३ मिमी, दुसऱ्याचा ९.७ मिमी. त्यामुळे सेन्डर हाताने सहज आत जातो, पण घट्ट बसत नाही आणि कडेने ऑइल पाझरते. अशा वेळी फिटर टेफ्लॉन टेपचे वेढे वाढवत जातो, आणि आपल्या पुस्तिकेत तर सगळ्याच सेन्डरना टेप गुंडाळायला सांगितले आहे. एका वायरच्या सेन्डरला अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हशी जोड) मिळते ते आट्यांमधूनच. जाड टेपमुळे तिथे पाच-दहा ओमचा अडथळा आला, तरी रीडिंग तेवढे सरकते. आटे जुळत असतील तर पेस्ट सीलंट पुरते. पहिला आटा कोरडा सोडून पुढच्या दोन-तीन आट्यांना लावायचे, मग सेन्डरची बॉडी आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यामधला रोध मोजायचा. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध वजा करता तो जवळपास शून्य यायला हवा. पुस्तिकेत या तपासणीचा उल्लेखही नाही.

शिवाय हा वजनदार सेन्डर पितळी लांबनळीच्या टोकाला, थेट इंजिन ब्लॉकवर लटकवायला सांगितला आहे. डिझेल इंजिनाच्या थरथरीने पितळ पहिल्या आट्याशीच तडकते, आणि तिथून ऑइल दाबाने बाहेर पडते. ब्लॉकपासून छोटी ब्रेडेड होज काढून सेन्डर चासीवर पट्टीने बसवायला हवा, आणि मग त्याला वेगळी अर्थ वायर द्यायला हवी. होज किटमध्ये नाही. ती आम्ही बाहेरून घेतली.

गिअरबॉक्स तापमानाच्या चित्रात सेन्डर कूलरकडून परत येणाऱ्या पाइपात दाखवला आहे. तिथे थंड होऊन आलेले ऑइल असते. कूलर चांगला आहे की नाही हे तिथे कळेल, गिअरबॉक्सचे हाल कळणार नाहीत. गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइल चेंबरमध्ये बसवला तर क्लच आणि व्हॉल्व्ह बॉडीला मिळणाऱ्या ऑइलचे तापमान मिळते, साधारण चालीत ८० ते ९५ अंश. टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) कूलरकडे जाणाऱ्या पाइपात बसवला, तर चढावर लॉकअप (कन्व्हर्टरची थेट पकड) सुटल्याबरोबर काटा उसळतो. इशारा लवकर मिळतो, पण तो आकडा चेंबरच्या आकड्यासारखा वाचायचा नाही. जागा कोणतीही निवडा, त्या जागेचे आकडे पुस्तिकेत हवेत. गेजवरचा लाल पट्टा १५० अंशांना सुरू होतो. सर्वसाधारण एटीएफवर (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलवर) १२० च्या आसपासच वार्निश (चिकट थर) धरू लागते आणि त्यापुढे सील कडक होतात. परतीच्या पाइपात १५० दिसेपर्यंत गिअरबॉक्स उघडायचीच वेळ आलेली असते.

एक्झॉस्टच्या प्रोबबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल. प्रोब के-टाइप थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला तापमापक) आहे, हे योग्यच. पण सोबतची वायर दीड मीटर आहे आणि ती मॅनिफोल्डपासून (इंजिनाचा एक्झॉस्ट गॅस गोळा करणाऱ्या नळीपासून) डॅशबोर्डपर्यंत पोचत नाही. त्यावर आपल्या मदत केंद्राचे उत्तर: "साधी तांब्याची वायर जोडा." गेज स्वतःच्या टर्मिनलपाशी असलेल्या तापमानाची भरपाई करून आकडा दाखवते. मध्ये तांबे आले की थर्मोकपलचे थंड टोक त्या जोडापाशी सरकते. जोड इंजिनाशेजारी ८० अंशांवर आणि गेज केबिनमध्ये ३० अंशांवर असेल, तर काटा ५० अंश कमी दाखवणार. टर्बोच्या आधी, ॲल्युमिनियम पिस्टनच्या इंजिनाला सलग ओझ्याखाली ७०० च्या आतच राहायचे असते. तिथे ७०० चे ६५० दिसणे किरकोळ नाही. वाढवायची वायरही के-टाइपचीच लागते.

त्यात पुस्तिकेच्या आकृतीत लाल वायर पॉझिटिव्ह दाखवली आहे. आपली वायर पिवळ्या-लाल जोडीची आहे, आणि या अमेरिकी रंगपद्धतीत पिवळी पॉझिटिव्ह, लाल निगेटिव्ह असते. आकृतीप्रमाणे गेजला लावली, तर एक्झॉस्ट तापेल तसा काटा खाली जातो. हे निदान दिसते तरी. वाढीव वायर दोन्ही टोकांना उलटी लागली, तर काटा शहाण्यासारखा वर जातो आणि चूक दुप्पट होते, वरच्या उदाहरणात १०० अंश.

प्रोबसाठी भोक पाडण्याबद्दल पुस्तिकेत फक्त "मॅनिफोल्डला भोक पाडा" एवढेच आहे. १/८ एनपीटीसाठी ८.७ मिमीचे ड्रिल, टर्बोच्या तोंडाच्या अलीकडे, आणि प्रोबचे टोक गॅसच्या प्रवाहात मध्यावर, हे लिहायला तीन ओळी पुरल्या असत्या. ओतीव लोखंडाचा कीस टर्बोच्या टर्बाइनच्या पात्यांवर गेला तर काय होते, हे आपल्याला माहीत असणारच. मॅनिफोल्ड उतरवून काम करणे उत्तम. नाहीतर ड्रिल आणि टॅपला ग्रीस थापून, वारंवार पुसत, शेवटी व्हॅक्यूमने भोक साफ करायला हवे.

पेटीवर १२/२४ व्होल्ट लिहिले आहे, पण गेजमधले दिवे १२ व्होल्टचे आहेत. २४ व्होल्टवर ते कितीतरी जास्त वीज खातात, झगझगीत पेटतात, ग्राहक खूश होतो, आणि मग एकेक जातो. यावर "दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट घ्या" असे सांगण्यात आले. तसे केल्यास एक बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी जादा चार्ज होते. २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर द्या, नाहीतर पेटीवरचे २४ खोडा.

बूस्ट आणि कूलंट तापमानाच्या गेजबद्दल तक्रार नाही. दोन्ही टेस्ट गेजशी जुळतात.

आमच्या मागण्या अशा. २४०–३३ ओमचा, १/८ एनपीटी आट्यांचा ऑइल प्रेशर सेन्डर, के-टाइपची किमान ३ मीटर वायर आणि २४ व्होल्टचे दिवे विनामूल्य पाठवावेत. होजचा खर्च परत करावा. याच बॅचची किट ज्यांना विकली, त्या सर्वांना इंजिन बंद ठेवून चावी फिरवायची वर दिलेली तपासणी तातडीने कळवावी. आमच्या सेन्डरआधी हे काम करा. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत भाग न आल्यास पूर्ण किट परत घेऊन रक्कम द्यावी.

सोबत: बिल व वॉरंटी कार्डाच्या प्रती, सेन्डर आणि गेजवरील छापील खुणांचे फोटो, दाबानुसार मोजलेल्या रोधाचा तक्ता, पुस्तिकेच्या संबंधित पानांच्या प्रती. सेन्डर आमच्याकडे राखून ठेवला आहे. मागाल तेव्हा पाठवू.

आपले,
वाहन देखभाल विभाग