मलाक्काचा इतिहास १५११ च्या आधीचाही

‘मलाक्का : पोर्तुगीजांनी घडवलेले बंदर’ हा रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्याच्या शीर्षकालाच माझी हरकत आहे. अल्फोन्सो द अल्बुकर्कने गोवा जिंकल्यानंतर पुढच्याच वर्षी, १५११ मध्ये, आजच्या मलेशियातील मलाक्का घेतले ते हे बंदर आधीच भरभराटीला आलेले होते म्हणून. सुमारे १४०० मध्ये परमेश्वर नावाच्या राजाने ते वसवले. पुढे सुलतानांच्या काळात तिथे चार शाहबंदर, म्हणजे बंदराचे अधिकारी, नेमले गेले. त्यांपैकी एक केवळ गुजराती व्यापाऱ्यांसाठी होता, इतका त्यांचा व्यापार मोठा! मोसमी वाऱ्यांबरोबर पश्चिमेची आणि चीनकडची गलबते इथे येत आणि वारा फिरेपर्यंत मुक्काम करत. हे बंदर या व्यवस्थेने घडवले. उलट पोर्तुगीजांची सत्ता येताच बरेच मुस्लिम व्यापारी आचे, जोहोर या जवळच्या सुलतानशाह्यांकडे वळले.

लेखात पोर्तुगीजांच्या ‘आ फामोसा’ किल्ल्याचे कौतुक आहे, ते रास्तच. पण १६४१ मध्ये तो डचांकडे गेला आणि पुढे इंग्रजांनी १८०७ च्या सुमारास तो पाडायला घेतला, हे सांगायला हवे होते. आज त्याचा एक दरवाजाच उरला आहे. मलाय, चिनी, तमिळ, गुजराती व्यापाऱ्यांचे श्रेय असे एका ओळीत पोर्तुगीजांच्या नावे लिहिणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. पुरवणीने सुलतानशाहीच्या शतकावर स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, म्हापसा