आई-बाबा, समरकंदला चला

तीर्थरूप आई-बाबा,
सा. नमस्कार.

उझबेकिस्तान फिरून आले, पण फोनवर सगळं सांगून होत नाही. आईच्या मागे कुकरच्या शिट्ट्या, बाबांना सातच्या बातम्यांची घाई, आणि शेवटी तुमचं ठरलेलं वाक्य, "छान झालं, फोटो पाठव." म्हणून पत्र लिहितेय. हे फोटोंवर भागणारं प्रकरण नाही.

बाबा, आधी तुमच्या खात्यातलं सांगते. समरकंदला बीबी खानम नावाची प्रचंड मशीद आहे. तैमूरने दिल्ली लुटली १३९८ च्या अखेरीस आणि पुढच्याच वर्षी हे काम काढलं. भारतातून नेलेले पाथरवट आणि हत्ती त्यावर राबले, असं जुन्या इतिहासकारांनी लिहून ठेवलंय. त्या कमानीखाली उभं राहिल्यावर मला आधी तेच आठवलं, आणि बराच वेळ कारागिरीचं कौतुक करायला मन तयार होईना. पाच वर्षांत काम उरकलं. आकार अवाढव्य, त्यात मालकाची घाई. थोड्याच वर्षांत नमाजाला बसलेल्यांच्या अंगावर विटा पडायला लागल्या. १८९७ च्या भूकंपात उरलीसुरली कमानही गेली. आज दिसतं ते बरंचसं सोव्हिएत काळात नव्याने उभारलेलं आहे. पण आत शिरलं की भिंतींतल्या लांबलचक भेगा अजून दिसतात. तुम्ही असता तर निळ्या फरशा सोडून आधी एक डोळा मिटून ओळंबा बघितला असता, आणि मग ठेकेदारावर बोलला असता.

तिथून जवळच रेगिस्तान चौक. तीन बाजूंना तीन मदरसे, चौथी बाजू मोकळी. सर्वांत जुन्या मदरशाचा एक मिनार कलला होता. तो पाडून पुन्हा बांधला नाही, १९३२ साली अख्खाच्या अख्खा सरळ करून घेतला. मधल्या तिल्ला-कारी मदरशात सोनेरी घुमटाखाली मान वर करून उभी होते. बरोबरच्या बाईंनी सांगितलं तेव्हा कळलं की छत सपाट आहे. नक्षी मध्याकडे बारीक बारीक होत जाते, म्हणून खोलगट भासतं. सांगितल्यावरही डोळे ऐकत नाहीत.

आई, आता तुझ्यासाठी उलुगबेग. हा तैमूरचा नातू. आजोबांनी मुलुख लुटले, नातवाने टेकडीवर वेधशाळा बांधून तारे मोजले. १४३७ साली त्याच्या लोकांनी १०१८ ताऱ्यांची यादी पुरी केली. दुर्बिणीचा शोध लागायला अजून पावणेदोनशे वर्षं होती. वर्षाची लांबी त्यांनी काढली, तीत चूक एका मिनिटाच्या आत. यंत्र म्हणजे सुमारे चाळीस मीटर त्रिज्येचा एक कंस, अर्धा जमिनीच्या वर, अर्धा टेकडीत कोरलेला. वरचा भाग गेला, खालचा राहिला. दारातून वाकून बघितलं की संगमरवरी दोन पट्ट्या वळत वळत खाली अंधारात उतरतात, आणि त्यांवर अंशांच्या खुणा आहेत. मी कठड्याला धरून उभी राहिले आणि तू फळ्यावर मोठ्या कंपासने काढलेले कंस मला दिसायला लागले. तू तिथे हवी होतीस. हे मी लाडाने म्हणत नाहीये, बाकीच्या पर्यटकांपेक्षा तुला तिथलं जास्त कळलं असतं.

तिथे अल-काशी नावाचा गणिती होता. त्याने 'पाय'ची (π) किंमत सोळा दशांश स्थळांपर्यंत काढली. त्याने समरकंदहून आपल्या वडिलांना लिहिलेली पत्रं आजही टिकून आहेत. त्यांत तो लिहितो की उलुगबेगने ताकीदच दिली आहे : नीट समजल्याशिवाय कुणी हो म्हणायचं नाही, खूश करण्यासाठी समजल्याचं सोंग करायचं नाही. तुझ्या नववीच्या वर्गातही हाच नियम होता ना?

शेवट वाईट झाला. १४४९ साली मुलाच्याच पाठिंब्याने उलुगबेगचा शिरच्छेद झाला, वेधशाळा पाडली गेली. जागा इतकी विस्मरणात गेली की १९०८ साली व्याट्किन नावाच्या रशियन संशोधकाने जमिनीच्या एका जुन्या कागदपत्रावरून ती शोधून काढली. पण यादी मात्र फिरत राहिली. आपण एलटीसीवर जयपूरला गेलो होतो, तिथला जंतरमंतर आठवतो? तो बांधणाऱ्या सवाई जयसिंगाने आपली कोष्टकं तयार करताना उलुगबेगच्याच यादीचा आधार घेतला होता.

बुखारा तुम्हाला समरकंदपेक्षा जास्त आवडेल, असं मला वाटतं. लहान आहे, सावली आहे, १६२० सालच्या एका हौदाभोवती तुतीची जुनी झाडं आहेत, तिथे चहा घेत कितीही वेळ बसा. आणि बाबा, सामानी राजांची कबर. दहाव्या शतकातली. फरशी नाही, रंग नाही, नुसती भाजकी वीट. आडवी, उभी, तिरपी लावून अख्खी भिंत विणलीय. ऊन फिरलं की सावल्या फिरतात आणि नक्षी बदलते. मी सकाळी गेले आणि संध्याकाळी पुन्हा गेले.

ताश्कंदला शास्त्रीजींच्या पुतळ्यापाशीही जाऊन आले. जानेवारी १९६६ मधली ती सकाळ, रेडिओवरची बातमी आणि आजोबांनी न घेतलेला चहा, हे तुम्ही मला कितीदा सांगितलंय. तिथे फूल मी तुमच्या वतीने ठेवलं.

आता तुमच्या शंका. जेवण : आईला उपाशी राहावं लागणार नाही. तंदूरच्या भिंतीला लावून भाजलेली गोल रोटी, कांदा-टोमॅटोची कोशिंबीर, लाल भोपळ्याचे सामोसे, दही, खरबूज, हिरवा चहा. मांस सगळीकडे असतं, तेव्हा आधी विचारायचं. चालणं : रेगिस्तान आणि बुखाऱ्याचा जुना भाग सपाट आहे, बसायला जागा आहेत. समरकंदच्या शाह-ए-जिंदा या जुन्या कबरींच्या आवाराचा जिना मात्र उभा आहे. तो बाबांनी करायचा नाही, मी आणि आई वर जाऊ. ताश्कंद ते समरकंद जलद रेल्वे आहे, दोन तासांच्या थोडं वर लागतात. दिल्लीहून ताश्कंद विमानाने तीनेक तास. म्हणजे तुम्ही दर दिवाळीला एसटीने माझ्याकडे येता त्यापेक्षा कमी बसणं.

राहिलं वय. "आता या वयात कुठे" हे मला पटत नाही. आम्हाला शिकवताना तुम्ही स्वतःचं सगळं फिरणं पुढे ढकललंत, आम्ही ते बघितलंय. मला आता एकटीने बघायचं नाही, तुमच्याबरोबर बघायचंय.

उन्हाळ्यात तिथे फार तापतं, म्हणून सप्टेंबरअखेर ठरवू. बाबांच्या पासपोर्टची मुदत बघा, प्रवासाच्या वेळी सहा महिने तरी शिल्लक असलेली बरी. आईचा नवा काढायचाय. आधारवरचं आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळत नसेल तर लग्नाचा दाखला शोधून ठेव. तो बहुतेक पत्र्याच्या पेटीत, एलआयसीच्या कागदांखाली आहे. मी पुढच्या शनिवारी येते, तेव्हा अर्ज भरून टाकू.

तुमची,
मनू