या दिवाळीला नाही

ती. आबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

दिवाळीला येत नाही. आधी हेच लिहितो, कारण आई पत्राचा शेवट आधी वाचून घ्यायला लावते.

आबा, रजा कुणी अडवलेली नाही. मीच सोडली. 'साहेबांनी दिली नाही' म्हणालो असतो तर तुम्ही साहेबांवर चिडून मोकळे झाला असता, पण खोटं जमेना. फौजेत वर्षाची 60 दिवस रजा, त्यातली 30 अक्काच्या लग्नाला मे महिन्यात संपली. उरलेली बुडत नाही, साठते, 300 दिवसांपर्यंत, निवृत्तीला त्याचे पैसे मिळतात. कॅज्युअल रजा वेगळी, पण ती या रजेला जोडता येत नाही. शिवाय लेहचं विमान हवेच्या मर्जीवर, मागे विमानाची वाट बघत ट्रान्झिट कॅम्पातच चार दिवस गेले होते.

हे सगळं खरं, पण मूळ कारण आईचे गुडघे.

आलो असतो तर काय झालं असतं? तू तासन्‌तास उभी राहून चकल्या पाडल्या असत्यास आणि ऑपरेशन पुन्हा 'पुढच्या वेळी बघू'वर गेलं असतं. फेब्रुवारीत नव्या वर्षाची रजा असेल, 45 दिवस मागितलेत. पुण्याला वानवडीच्या कमांड हॉस्पिटलात तारीख घेतली आहे. आधी उजवाच गुडघा, घाबरू नको. माझ्या कार्डावर तुझं नाव आहे, पैसे लागत नाहीत. तेव्हा म्हैस विकायचा विषय बंद.

माझ्या जागी सेक्शनमधला एकजण जातोय, त्याच्या बायकोला आठवा महिना आहे. सगळी कंपनी एकदम सोडता येत नाही, कुणीतरी थांबतंच.

मी मजेत आहे. बुखारी, म्हणजे खोली गरम ठेवायची शेगडी, पेटलेली असते, दिवाळीला बडा खाना, सगळ्यांची एकत्र मेजवानी, होतो. आबा, पहिल्या अंघोळीला उटणं लावताना तुम्ही हात मुद्दाम गार पाण्यात बुडवायचात आणि मी किंचाळायचो. इथं बादलीतलं पाणी रात्रीत गोठतं, तरी तुमचा हात जास्त गार होता.

आता ऐका. आईनं माडीचा जिना चढायचा नाही. डिपेंडंट कार्ड, आधार, एक्स-रे एकाच पिशवीत घालून देवघराच्या कपाटात ठेवा. आबा, बीपीची गोळी रोज. 'आज बरं वाटतंय' हे कारण चालणार नाही. मी फौजेच्या रेल्वे वॉरंटवर गोवा एक्सप्रेसनं येईन, थेट साताऱ्याला उतरतो. स्टेशनवर येऊन थंडीत बसायचं नाही, मला वडाप मिळतं.

चकल्या पाठवू नकोस आई, 56 एपीओपर्यंत, आमच्या फौजी टपालापर्यंत, त्यांचा चुरा होतो. मागच्या वेळी आम्ही चमच्यानं खाल्ल्या.

शंकरपाळ्या मात्र टिकतात.

तुमचा,
बाळू